मेणचट कवचाकडे कोण बघणार?

आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यांमध्ये पूर्वी क्षयाचं नाव कुणी घेत नसे. 'छातीत डाग आहे' म्हटलं की समजून घ्यायचं. याच पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. वय अवघं एकवीस. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता. त्याला रंग चढवणंही जिकिरीचं, कारण अंगावर मायकोलिक आम्लांसारख्या मेदांचं मेणचट कवच.

आपलं लसशास्त्र मात्र प्रथिनांवरच पोसलेलं. जंतूच्या प्रथिनाचा तुकडा पेशीने दाखवायचा, प्रतिकारशक्तीच्या टी पेशीने ओळखायचा, हा पाठ इतका पक्का बसला की टी पेशी मेदही ओळखतात हे सिद्ध व्हायला १९९४ उजाडलं. मेद दाखवण्याचं काम सीडी१ नावाचे रेणू करतात. मेदाच्या शेपट्या त्यांच्या खोल खोबणीत दडतात, साखरेचं डोकं तेवढं बाहेर राहतं. त्यांपैकी सीडी१डीवरचं असं डोकं दिसलं की एनकेटी नावाच्या टी पेशी पेटून उठतात. नव्या शत्रूसाठी साध्या टी पेशींना सज्ज व्हायला काही दिवस लागतात. या मात्र काही तासांत इंटरफेरॉन गॅमा हा संदेशरेणू ओततात आणि इतरांना जागं करतात. रक्तातल्या टी पेशींत त्या साधारण हजारात एखादी. त्यांना चेतवणाऱ्या जालीम मेदाचा माग लागला ओकिनावाजवळच्या सागरी स्पंजातून, आणि तोही किरीन या बिअर कंपनीच्या संशोधकांना! (पुण्यात आधी परिसंवाद झाला असता.)

क्षयग्रस्त उंदरांना हा मेद टोचल्यावर ते जास्त जगले. पण सीडी१डी नसलेले उंदीरही क्षयाला विशेष लवकर बळी पडले नाहीत. म्हणजे मेदांचा मार्ग बिनकामाचा? हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मायकोलिक आम्ल दाखवतो तो सीडी१बी, आणि तो उंदरात नसतोच. शिवाय प्रथिनं दाखवणारे एचएलए रेणू माणसागणिक बदलतात. सीडी१ जवळपास सगळ्यांचे सारखे, म्हणजे एकच मेद बहुतेकांना चालावा.

एम७२ या प्रथिनांच्या लसीने चाचणीत फुप्फुसांचा क्षय सुमारे निम्म्याने घटवला. मोठंच यश. उरलेल्या निम्म्याचं काय? बीसीजीत जिवंत जंतू असल्याने मेद आपसूक येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची व्हीपीएम १००२ ही बीसीजीचीच सुधारित आवृत्ती. निवडक घटकांच्या लसींत मात्र मेद मुद्दाम घालावे लागतील आणि पारखावे लागतील गिनीपिगवर, कारण त्याच्याकडे सीडी१बी आहे. गिनीपिग उंदरापेक्षा महाग पडतो, हे खरं. पण अनुदान देणाऱ्यांनी तेवढी झळ सोसावी.