बाळ येणार म्हणून मांजर हाकलू नका



घरात कुणी गर्भवती असल्यास मांजर बाहेर सोडावे, हे गेल्या अंकातील पत्रलेखिकेचे मत पटले नाही. टॉक्सोप्लाझ्मोसिस या परजीवीजन्य आजाराची त्यांची काळजी रास्त आहे. उपाय मात्र क्रूर आहे. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुरवाळल्याने सहसा नव्हे. विष्ठेतही तो संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मांजराचा ट्रे रोज, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. मांजराला कच्चे मांस देऊ नये, शिकारीला बाहेर सोडू नये. अर्धकच्चे मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच संसर्ग होतो, तिकडेही लक्ष हवे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. पायांत घुटमळणारा, कुशीत घुरघुरणारा हा जीव आपल्याच भरवशावर जगतो. त्याला रस्त्यावर सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

– एक वाचक, सातारा