तज्ज्ञ हवेतच, धडा रचणारेही हवेत



आंबा बागायतदारांच्या प्रशिक्षणांबद्दल एक मागणी मांडायची आहे. गेल्या हंगामात फळमाशीवरच्या एका वर्गाला मी बसले होते. बोलणारे शास्त्रज्ञ जाणकार होते. पण तीन तास पडद्यावर जीवनचक्राचे तक्ते सरकत गेले आणि सापळा कोणाच्या हाती आलाच नाही. घरी परतल्यावर शेजारीण म्हणाली, "सापळो किती उंच बांधूचो गो?" मला सांगता आलं नाही.

दोष शास्त्रज्ञांचा नाही. आंबा जाणणं वेगळं आणि शिकणाऱ्याला जाणणं वेगळं. समोरच्याला काय येतं, तो कुठे अडतो, घरी गेल्यावर त्याच्या हातून काय व्हायला हवं, हे आधी शोधून धडा बांधणारा अध्ययन रचनाकार लागतो. असा माणूस असता, तर वर्ग आंबा उतरवायच्या धांदलीत न होता महिनाभर आधी झाला असता. तोही सभागृहात नव्हे, वाडीत. कारण एकट्याच्या बागेत सापळे लावून भागत नाही. शेजारच्या बागेतली माशी येतेच.

हे काम नवं नाही. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. शिक्षक रोज समोर नसणार, म्हणून पुस्तकानेच शिकवायचं होतं. त्याच्या अनेक पुस्तकांत लेखकाबरोबर अनुदेशन तंत्र संपादकाचंही नाव छापलेलं असतं. त्याच वर्षी इंडोनेशियात भातशेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. हंगामभर खाचरात उतरायचं, तुडतुडे आणि त्यांना खाणारे कोळी मोजायचे, फवारणीचा निर्णय शेतकऱ्यानेच घ्यायचा. शेतीशाळा आपल्याकडेही आल्या. पण जिथे त्यांचं नुसतं भाषण होऊन बसतं, तिथे शाळेचं नावच तेवढं उरतं.

रचनाकारासाठी पैसा कुठून, असं विचारलं जाईल. मंडप, जेवण, पुस्तिका यांवर खर्च आजही होतो. मजुरी बुडवून आलेल्या बाईचा दिवस तर कोणी हिशेबातच धरत नाही.

म्हणून प्रत्येक प्रशिक्षणाला रचनाकार नेमावा, त्याने आधी बागायतदारांना भेटावं आणि महिन्याने बागेत येऊन काय उतरलं ते पाहावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आम्हांला 'रक्षक' सापळा दिला. तो बांधायला शिकवणारा धडाही तेवढ्याच मेहनतीने घडायला हवा.

— एक बागायतदार, खारेपाटण (ता. कणकवली)