स्वस्त साखर, महाग विकर

उसाच्या रसापासून किंवा मळीपासून इथेनॉल काढणे हा आपल्या कारखान्यांच्या हातचा मळ आहे. चिपाडापासून आणि पाचटापासून ते काढणे मात्र अवघड, कारण तिथली साखर सेल्युलोजच्या साखळ्यांत जखडलेली असते. ती सोडवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, मुख्यतः ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीकडून करून घेतात. या बुरशीला पोसायचे कशावर, या प्रश्नाला एक सोपे उत्तर दिले जाते : आपल्याकडे मळी मुबलक आहे, बुरशीलाही साखरच लागते, तेव्हा मळी घाला आणि विकरे काढा.

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मळी विरघळते, पंपाने ढकलता येते आणि शुद्ध ग्लुकोजपेक्षा स्वस्त पडते. विकरांच्या खर्चात बुरशीच्या खाद्याचा वाटाही मोठा असतो. 2012 साली अमेरिकेतील संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा साखरेचा सर्वोत्तम उतारा गृहीत धरूनही गॅलनभर इथेनॉलमागे विकरांचा खर्च 68 सेंट निघाला. काटकसर हवीच. पण या युक्तिवादात साखर हे केवळ अन्न मानले आहे, आणि तिथेच तो कोसळतो.

बुरशीसाठी साखर हा संदेशही असतो. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजवताना सापडली. सेल्युलोज फोडून जगणे हा तिचा धर्म; पण ताटात वाढलेले असताना चूल कोण पेटवील? आयते ग्लुकोज भरपूर मिळाले की क्रे-1 हे नियामक प्रथिन सेल्युलेजची, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांची, जनुके दडपते. बुरशी फोफावते, विकरे आटतात. उलट सेल्युलोज जवळ असल्याची खूण पटवणारी शर्करा मिळाली की एक्सवायआर-1 हे प्रथिन तीच जनुके जागी करते. मॅंडेल्स, पॅरिश आणि रीस या संशोधकांनी 1962 मध्येच सोफोरोज ही अशी प्रभावी शर्करा असल्याचे दाखवले. दुधातले लॅक्टोजही हे काम करते. मळीची अडचण तर आणखी आधी सुरू होते. तिच्यातली मुख्य साखर सुक्रोज, आणि ती फोडणारे इन्व्हर्टेज हे विकर या बुरशीकडे नाहीच.

यावर प्रतिपक्ष ब्राझीलचा दाखला देईल. तिथल्या संशोधकांनी 2020 मध्ये उसाच्या मळीवरच लिटरमागे सुमारे 80 ग्रॅम प्रथिन मिळवले. हे यश खरे आहे. पण त्यासाठी त्यांनी क्रे-1चा लगाम आधीच तुटलेला रूट-सी30 हा वाण घेतला आणि त्यात सहा जनुकीय बदल केले. त्यांत इन्व्हर्टेज बाहेरून बसवले आणि एक्सवायआर-1 कायमचे जागे ठेवले. म्हणजे मळीत जे नव्हते ते बुरशीत भरावे लागले. साखर कोणती याने फरक पडत नाही, असे या प्रयोगावरून सिद्ध होत नाही; उलटच सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा, की मग चिपाडच घाला. त्यात सेल्युलोज आहे आणि ते फुकट आहे. ते फुकट नाही. कारखान्याचे बॉयलर आणि सहवीजनिर्मिती त्यावरच चालतात. शिवाय न विरघळणाऱ्या चोथ्याने टाकीतला द्राव घट्ट होतो, ढवळणे महागते आणि बुरशीला प्राणवायू पुरत नाही.

मग करायचे काय? वाढ आणि उत्पादन हे दोन टप्पे वेगळे धरावेत. वाढीच्या टप्प्यात स्वस्त, आधी फोडून घेतलेली साखर चालेल. उत्पादनाच्या टप्प्यात संदेश देणारी शर्करा हवी, आणि तीही इतक्या संथ धारेने की टाकीत ग्लुकोज साचणार नाही. अशी शर्करा आवाक्याबाहेरची नाही. दाट ग्लुकोजवर बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर वापरले तर सोफोरोज असलेले मिश्रण तयार होते. पनीर आणि चीज करताना उरणाऱ्या निवळीत लॅक्टोज असते, आणि महाराष्ट्रात साखर कारखाने व दूध संघ अनेक ठिकाणी शेजारी आहेत. कारखान्याच्या आवारातच विकरे तयार केली, तर ती शुद्ध करण्याचा, टिकवण्याचा आणि वाहून आणण्याचा बराच खर्च वाचतो.

मोजमापही बदलायला हवे. किलोभर साखर कितीला पडली हा प्रश्न अपुरा आहे. त्या किलोतून किती विकर निघाले आणि त्याने किती चिपाड फोडले, हे विचारले पाहिजे. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा पानिपतचा प्रकल्प 2022 मध्ये उभा राहिला; 2019 पासून पंतप्रधान जी-वन योजनेतून अशा प्रकल्पांना सार्वजनिक पैसा मिळतो. त्या पैशावर शेतकऱ्याचा आणि करदात्याचा हक्क आहे. म्हणून प्रत्येक प्रकल्प अहवालात विकरे कुठून येणार, कोणत्या साखरेवर तयार होणार आणि कोणत्या उताऱ्याने, याचा हिशेब सक्तीचा करावा. हा हिशेब नसेल, तर त्या प्रकल्पाला अनुदान देऊ नये.