मशीन आले, पण पोछा कोणाच्या हातात राहिला?

एका जिल्ह्याच्या ठिकाणी चार मजली सरकारी इमारत आहे. तिथे सहा महिला कंत्राटावर साफसफाई करायच्या. चार बौद्ध, दोन मातंग. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने फरशी धुण्याचे मशीन घेतले. नारळ फोडला, फीत कापली, फोटो निघाले. फोटोत साहेब होते, ठेकेदार होता, मशीन होते. त्या सहा जणी फोटोत नव्हत्या. त्या मागे नारळाचे पाणी पुसत होत्या.

महिनाभरात मशीन जिन्याखाली गेले. इमारतीला लिफ्ट नाही आणि रिकाम्या टाकीचे मशीनसुद्धा दोघींना उचलत नाही. तळमजल्यावरच्या अर्ध्या खोल्यांच्या दारातून ते आत जात नाही. पण तोवर ठेकेदाराने "आता मशीन आहे" म्हणून दोघींना घरी बसवले होते. आज चौघी जणी सहा जणींचे काम करतात, तेही उकिडवे बसून, फडके पिळून. मशीनवरची धूळही त्याच पुसतात.

आम्ही विचारले, "घेताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" एक जण हसली. म्हणाली, "ताई, आम्हाला चहासुद्धा कुणी विचारत नाही."

या एका वाक्यात सगळे आले. कोणते मशीन घ्यायचे हा प्रश्न स्टोअरच्या कारकुनाचा समजला जातो. आम्ही ठामपणे म्हणतो की हा जातीचा प्रश्न आहे. पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधला होता. आज तो कमरेचा सुटला, पण टेंडरच्या कागदात जाऊन बसला. कार्यालयात सगळे साहेब आणि मॅडम असतात, झाडणारी तेवढी 'मावशी'. नाते जोडायचे, पण मावशीला बसायला खुर्ची द्यायची नाही!

आता आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "मशीन नकोच. आपल्या लोकांच्या पोटावर पाय येतो." त्यांची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचा मुद्दा स्पष्ट होता. माणसाला जनावरासारखे राबण्यातून यंत्र सोडवते आणि त्याला फुरसत देते. फुरसत नसेल तर संस्कृती नाही. यंत्रामुळे कोणाचे वाईट होत असेल तर दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजव्यवस्थेच्या हातात आहे तिचा आहे. झाडू पवित्र, सफाई म्हणजे सेवा, ही भाषा बाबासाहेबांनी तेव्हाच नाकारली होती. २ ऑक्टोबर २०१४ पासून पुढाऱ्यांनी झाडू घेऊन फोटो काढले. फोटो झाल्यावर तो झाडू कोणाच्या हातात परत गेला?

तेव्हा मशीन हवेच. पण मशीन आले म्हणजे जात गेली, या भ्रमात राहू नका. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा पाहा. सरकारने ठरवलेली साधने आणि संरक्षक साहित्य देऊन मैला साफ करायला लावले, तर तो माणूस 'हाताने मैला साफ करणारा' धरला जात नाही. म्हणजे साधन हातात दिले की माणूस व्याख्येतून बाहेर! काम तेच, वस्ती तीच, आडनाव तेच. फरशीच्या मशीनचेही असेच होणार असेल, तर ते झाडूचे महागडे रूप ठरेल.

मग निवडायचे कसे? सरकारी खरेदी आज जेम पोर्टलवरून होते आणि बहुतेक वेळा सर्वात कमी दराला ऑर्डर जाते. त्यामुळे खरी लढाई दराच्या आधी आहे. मशीनचे वर्णन कागदावर कोण लिहितो, तिथे आहे. तिथे आपण ही भाषा घेऊन उभे राहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, जागा मोजा. दाराची रुंदी, जिने, लिफ्ट, रॅम्प. चालत ढकलायच्या स्क्रबर-ड्रायरचा पट्टा ५० सेंटिमीटर असेल आणि बाई ताशी ४ किलोमीटर चालली, तर हिशेबाने तासाला २००० चौरस मीटर फरशी होते. विक्रेता हाच आकडा दाखवतो. पण कार्यालय म्हणजे मोकळे मैदान नाही. टेबले, खुर्च्या, वळणे, टाकी भरणे, ओतणे यांत निम्मे काम झाले तरी पुष्कळ. आणि कोपरे, जिने, संडास मशीन करत नाही, ते हातानेच होते. म्हणून २००० चा आकडा दाखवून माणसे कमी करणे ही सरळ फसवणूक आहे.

दुसरी गोष्ट, शरीर. हँडलची उंची कमी-जास्त होते का? पाच फुटांच्या बाईला ते खांद्याला लागत असेल तर कंबर नाही तर खांदा जाणार. एकाच गोल ब्रशचे सिंगल डिस्क मशीन स्वस्त पडते, पण हँडल जरा वर-खाली झाले की ते डावी-उजवीकडे ओढते. शिकवल्याशिवाय ते हातात देणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. शिवाय ते पाणी ओढून घेत नाही. मागून वायपर घेऊन दुसरी बाई लागतेच. ओल्या फरशीवर वायरचे मशीन नको. बॅटरीचे घेतले तर चार्जिंगला हवा खेळती राहील अशी जागा हवी, कारण शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती जागा म्हणजे या बायांची जेवायची खोली असू नये.

तिसरी गोष्ट, घाण पाणी. ते मशीनच्या टाकीत जमा होते. पुढे काय? खाली नळी सोडून मोरीत जाते, की बादलीने उपसावे लागते? विक्रेत्याला हा प्रश्न विचाराच. माहितीपत्रकात चकचकीत फरशी दिसते, बादली दिसत नाही. आणि द्रावणे शिकवा. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र केले की क्लोरीन वायू सुटतो, हे न सांगता दोन्ही बाटल्या हातात देणे हा गुन्हा मानला पाहिजे.

चौथी आणि सर्वात मोठी गोष्ट, मशीन चालवणार कोण? आम्ही पाहिले आहे. मशीन येते तेव्हा ठेकेदार एक पुरुष आणतो, त्याला 'ऑपरेटर' म्हणतो आणि जास्त पगार देतो. वीस वर्षे फरशी पुसणारी बाई मात्र त्याच्या मागे फडके घेऊन चालते. म्हणजे यंत्राने श्रम हलका केला तो पुरुषाचा आणि नोकरी घालवली ती बाईची. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. इथे तर एकाच फरशीवर दोन पायऱ्या तयार झाल्या!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. खरेदी समितीत सफाई कामगार महिला असलीच पाहिजे. विकत घेण्याआधी आठवडाभर मशीन तिच्या हातात चाचणीला द्या आणि तिचे मत लेखी नोंदवा. मशीनमुळे एकही माणूस कमी होणार नाही, हे टेंडरमध्येच लिहा. चालवण्याचे प्रशिक्षण आणि ऑपरेटरचा दर आधी तिथे काम करणाऱ्यांना द्या. वाचलेला वेळ कामाच्या तासांतून कमी करा. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. यंत्राचा नफा कामगाराच्या आयुष्यात कसा उतरतो, ते त्यांनी दाखवून दिले आहे.

आणि तरुणांनो, शेवटचे तुमच्यासाठी. तुमच्यातले कित्येक आज बँकेत, महाविद्यालयात, आयटी कंपनीत आहात. १४ एप्रिलला तुम्ही वर्गणी देता, स्टेटस ठेवता. उद्या सकाळी कार्यालयात जाल तेव्हा फरशी कोण पुसते ते पाहा. तिचे पूर्ण नाव विचारा. तिला वेतनचिठ्ठी मिळते का, पीएफ कापला जातो का, ते विचारा. खरेदीची फाइल तुमच्या टेबलावरून जात असेल तर सही करण्याआधी तिला बोलावून घ्या. आरक्षणाने तुम्हाला त्या टेबलापर्यंत पोहोचवले, ते टेबल पुसणारीकडे पाठ फिरवायला नव्हे.

आणि मशीन कितीही चांगले आले, तरी तिची मुलगी त्याच मशीनच्या मागे उभी राहणार असेल, तर आपण हरलो. ती मुलगी त्या खरेदी समितीच्या खुर्चीवर बसली पाहिजे.

जय भीम! जय संविधान!