सहावी ते आठवीचा इंग्रजीचा तास : पोराला काय यायला हवं आणि शाळेला काय विचारायचं?

जून जवळ आला की आपल्या नऊही तालुक्यांत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोरगं झेडपीच्या शाळेतच ठेवायचं, की व्हॅन लावून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पाठवायचं? का पाठवायचं असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दात येतं : इंग्रजी.

पण गावातल्या शाळेतल्या इंग्रजीच्या तासाकडून नेमकी अपेक्षा काय ठेवायची, हे पालकांना कुणी सांगत नाही. शाळा म्हणते, पुस्तक पूर्ण झालं. पालक म्हणतात, पोराला एक वाक्य बोलता येत नाही. दोघांचंही खरं असतं, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. सहावी, सातवी, आठवी ही तीन वर्षं इथं महत्त्वाची आहेत. या वर्षांत राहिलेली कच्ची बाजू नववी-दहावीत भरून काढायला फार जड जातं.

सहावी म्हणजे सुरुवात नाही

आज ज्यांची मुलं सहावी-सातवीत आहेत, त्यातल्या अनेक आई-वडिलांनी ए-बी-सी-डी पाचवीत गेल्यावर गिरवली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्यामुळं ‘आत्ताशी सहावीत आहे, येईल हळूहळू’ हा हिशेब आता चालत नाही. सहावीत बसलेल्या मुलानं पाच वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. त्याला अजून सोपी वाक्यं वाचता येत नसतील, तर ते पोर मागं पडलंय आणि त्याला वेगळी मदत लागणार आहे, असं समजा.

तासाचा हिशेब

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. रोज इंग्रजीचा एक तास धरला आणि तो ३५ ते ४० मिनिटांचा धरला, तर वर्षाला साधारण १३० ते १४५ घड्याळी तास होतात. तीन वर्षांचे मिळून चारशेच्या आसपास. पोर रोज शाळेत गेलं आणि रोज तास झाला, तरच.

आता वर्गात ३५ मुलं आहेत असं धरा. ३५ मिनिटांच्या तासात सर एक शब्द न बोलता फक्त मुलांनाच बोलू देतील, तरी एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. म्हणून ‘फाडफाड इंग्रजी’ या तासातून येत नाही. त्यात शिक्षकाचा दोष असेलच असं नाही, वेळच तेवढा आहे. पण वाचणं, वाचलेलं समजणं आणि आपल्या मनानं चार ओळी लिहिणं या तीन गोष्टी एवढ्या तासांत नक्की होऊ शकतात. पालकांनी आग्रह धरायचा तो याच तीन गोष्टींचा.

त्यात गैरहजेरी आली की हिशेब कोसळतो. सिल्लोड-सोयगावकडं दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला घरातली सगळी माणसं लागतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं पोर सोबत गेलं तर दिवाळीनंतरचा बहुतेक सगळा अभ्यास बुडतो. मराठीचे धडे बुडाले तर घरात मराठी चालूच असतं. इंग्रजीचा तास बुडाला तर ते घरात भरून निघत नाही.

वाचता येतं, पण समजतं का?

‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची त्यात पाहणी होती. म्हणजे आठवी संपवून पुढं गेलेली पोरं. इंग्रजी वाक्यं वाचता आली ५७.३ टक्के मुलांना. वाचता येणाऱ्यांपैकी ७३.५ टक्के मुलांना अर्थ सांगता आला. दोन्हींचा गुणाकार केला तर शंभरातली ४२ मुलंच वाक्य वाचून अर्थ सांगू शकतात.

हे आकडे देशभरातल्या निवडक जिल्ह्यांचे आहेत, आपल्या एकट्या जिल्ह्याचे नाहीत. पण दुखणं ओळखीचं आहे. पोर खडाखडा वाचतं, आई-बाप खूश होतात, आणि अर्थ विचारला की पोर गप्प.

आठवी संपताना काय यायला हवं?

हा सरकारी कागद नाही. पुस्तकाची पातळी आणि वरचा तासांचा हिशेब धरून ठेवता येईल अशी ही रास्त अपेक्षा आहे.

सहावी संपताना : सोपी वाक्यं न अडखळता वाचता यावीत. स्वतःबद्दल, घराबद्दल, गावाबद्दल पाच वाक्यं स्वतःच्या मनानं लिहिता यावीत. सर-मॅडमनी इंग्रजीत दिलेल्या साध्या सूचना समजाव्यात.

सातवी संपताना : अर्ध्या पानाचा उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातून शोधता यावीत. काल काय झालं, आज काय चाललंय, उद्या काय होणार हा फरक वाक्यात दाखवता यावा.

आठवी संपताना : न शिकवलेला एक पानाचा सोपा मजकूर वाचून त्याचा सार मराठीत सांगता यावा. रजेचा अर्ज किंवा मित्राला छोटं पत्र गाईड न बघता लिहिता यावं. अडलेला शब्द शब्दकोशात किंवा मोबाईलवर स्वतः शोधता यावा. नाव, गाव, शाळा, आवड यावर दोन मिनिटं मोडकंतोडकं का होईना, बोलता यावं.

चुका होतील, स्पेलिंग चुकेल. त्याचं एवढं काही नाही. स्वतःच्या मनानं लिहितंय का, हे महत्त्वाचं.

इंग्रजी येत नसलेल्या पालकानं कसं तपासायचं?

‘आम्हालाच येत नाही, आम्ही काय बघणार’ असं म्हणून सोडून देऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे, महिन्यातून एकदा करा.

एक, पुस्तकातला अजून न झालेला धडा उघडा आणि मधल्याच चार ओळी वाचायला सांगा. झालेला धडा बऱ्याचदा पाठ असतो, म्हणून न झालेला घ्यायचा.

दोन, त्याच ओळींचा अर्थ मराठीत विचारा. शब्दाला शब्द नको, काय चाललंय ते सांगू दे. अर्थ बरोबर आहे का हे तुम्हाला कळणार नाही असं वाटेल. पण सांगताना पोर अडतंय, की गोष्ट सांगितल्यासारखं सांगतंय, हे कुणालाही कळतं.

तीन, वही बघा. सगळी उत्तरं एकसारखी, सुबक आणि एकही चूक नसलेली असतील तर ती फळ्यावरून किंवा गाईडमधून उतरवलेली असू शकतात. मग आपल्या बैलांवर, शेतावर किंवा आठवडी बाजारावर पाच वाक्यं समोर बसून लिहायला सांगा.

मोबाईल घरात आहेच. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात, ते दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन होतात. ऊसतोडीला जावं लागलं तर ई-बालभारतीवरून पुस्तकाची पीडीएफ फोनमध्ये घेऊन ठेवा.

शिकवणारे कोण आहेत?

कायद्यानं सहावी ते आठवीसाठी किमान तीन विषयांचे शिक्षक सांगितलेत : विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा. इथं एक मेख आहे. कायदा ‘भाषा’ म्हणतो, ‘इंग्रजी’ म्हणत नाही. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही एकाच शिक्षकाकडं असू शकतात, आणि त्यांची पदवी मराठी किंवा हिंदीतली असू शकते. असे कितीतरी गुरुजी मेहनतीनं इंग्रजी शिकवतात. पण पालकांना माहीत असावं की आपल्या शाळेत इंग्रजी कोण शिकवतं, आणि ती जागा भरलेली आहे का. जागा रिकामी असेल तर अडचण पोराच्या डोक्यात नाही, जागेत आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत न्यायची असते.

शिक्षकांना आधार मिळत नाही असंही नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी राज्य आंग्ल भाषा संस्था आपल्याच शहरात होती. पुढं तिचंच प्रादेशिक विद्या प्राधिकरण झालं. २०१६ पासून ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या साथीनं ‘तेजस’ हा उपक्रम चालला, त्यात शिक्षक गटानं एकत्र बसून वर्गातल्या अडचणी सोडवायचे.

आणि शाळेनं मनावर घेतलं तर काय होतं, हे शहरापासून साधारण २५ किलोमीटरवरच्या गाडीवाटनं दाखवलंय. तिथल्या झेडपी शाळेनं २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? रोबो आणि तंत्रज्ञानाच्या आवडीपायी बऱ्याच मुलांनी जपानी सांगितली, आणि इंटरनेटवरून ती शिकायला सुरुवातही झाली. खेड्यातल्या पोरांना परकी भाषा जमत नाही, हे खोटं आहे. शिकायचं कारण आणि सराव, दोन्ही मिळायला हवं.

आठवीची परीक्षा आता हलक्यात घेऊ नका

‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे वाक्य अजून गावोगावी ऐकू येतं. ते जुनं झालं. केंद्रानं २०१९ मध्ये कायदा बदलला आणि राज्यानं २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली. पास व्हायला विषयाला ३५ टक्के लागतात. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा, आणि तिथंही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागू शकतं. मात्र शाळेतून काढून टाकता येत नाही.

याशिवाय नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. त्यात मराठी आणि गणितासोबत इंग्रजी आहे. पहिली चाचणी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होते, म्हणजे पोर कुठं कच्चं आहे हे दिवाळीआधीच शाळेला कळलेलं असतं. तो निकाल मागून घ्या. वर्षाअखेरच्या प्रगतिपुस्तकाची वाट बघत बसू नका.

सेमी घ्यायचं का?

बऱ्याच गावांत सातवीनंतर पोर हायस्कूलला जातं आणि तिथं सेमी इंग्रजीचा अर्ज पुढं येतो. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पुढं सायन्सला जायचं असेल तर त्याचा फायदा होतो. वाळूज, शेंद्रा, बिडकीनच्या कंपन्यांत नोकरी करायची तरी मशीनवरच्या सूचना वाचाव्या लागतातच.

पण आधी एक तपासा. गणिताच्या इंग्रजी पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण पोराला द्या. काय विचारलंय हे त्याला मराठीत सांगता आलं, तर खुशाल सेमी घ्या. नाही आलं, तर घाई करू नका. नाहीतर आज एक विषय कच्चा आहे, उद्या गणित आणि विज्ञान धरून तीन होतील. शेजाऱ्याच्या पोरानं सेमी घेतलं, हे कारण पुरेसं नाही.

इंग्लिश मीडियमचंही तेच. फी आणि व्हॅनचे पैसे भरण्याआधी त्या शाळेत दोन-तीन वर्षं शिकलेल्या, ओळखीच्या पोराची वरची दहा मिनिटांची तपासणी करून बघा. बोर्डावर काय लिहिलंय यापेक्षा ते जास्त सांगून जाईल.

पालक सभेत विचारायचे पाच प्रश्न

१. इंग्रजी कोण शिकवतं, आणि आठवड्याला किती तास होतात?
२. पहिल्या चाचणीत माझ्या पोराला काय आलं नाही?
३. मागं पडलेल्या मुलांसाठी वेगळा वेळ ठेवलाय का?
४. पोरं स्वतःच्या मनानं कधी लिहितात? ती वही दाखवता का?
५. पुस्तकाशिवाय वाचायला गोष्टीची पुस्तकं शाळेत आहेत का, आणि ती पोरांच्या हातात जातात का?

हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. पालकांची नियमित बैठक घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं काम आहे, असं कायद्यातच लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या बैठका सहीपुरत्या होत असतील, तर त्याला आपणही जबाबदार आहोत.

शाळा उघडल्यावर पहिल्या पालक सभेला जा आणि जाताना पोराची इंग्रजीची वही सोबत घ्या. वही समोर असली की बोलणं मुद्द्यावर येतं.