गिटार आणि समोरच्या खुर्च्या

गेल्या आठवड्यात भाचा आणि त्याची बायको दोन दिवस राहायला आले होते. जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉपवर 'द ऑफिस' या मालिकेचा एक भाग दाखवला. (अमेरिकन नव्हे हं, मूळचा ब्रिटिश!) ते उच्चार मला निम्मेच कळतात, पण खाली अक्षरं येत होती, त्यावर निभावलं.

भागाचं नाव 'ट्रेनिंग'. बीबीसीवर तो २००१ च्या जुलैमध्ये दाखवला होता. स्लाऊ गावातल्या एका कागद कंपनीची शाखा आणि तिचा साहेब डेव्हिड ब्रेंट. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला बाहेरून एक गृहस्थ आलेत. साहेबाने खरं तर इतरांसारखं मुकाट्याने बसायचं, पण हा त्यांच्या प्रत्येक वाक्यात तोंड घालतो. शेवटी घरी जाऊन चक्क गिटार घेऊन येतो आणि स्वतः रचलेली गाणी ऐकवायला लागतो. प्रशिक्षण बोंबललं!

मध्ये एक गंमत आहे. आपल्या वाघ, शेळी आणि गवताच्या कोड्यासारखंच त्यांचं कोल्हा, कोंबडी आणि धान्याचं कोडं आहे. ते सोडवायचं सोडून गॅरेथ नावाचा एक जण त्या शेतकऱ्याबद्दलच शंका काढत बसतो. माझ्या वर्गातही एकाने विचारलं होतं, "बाई, पण त्याने वाघ घेतलाच कशाला?" मी त्याला उभं केलं होतं. प्रश्न चांगला होता, हे आत्ता कळतंय.

असो. भाग संपल्यावर घरात चार मतं झाली. भाचा हसून लोळत होता. त्याची बायको "मला नाही बघवत" म्हणून मध्येच चहा टाकायला उठली होती. आमच्या ह्यांचं म्हणणं, यात विनोद कुठाय? मागे हशासुद्धा नाही! (खरंच नाही. सगळं माहितीपटासारखं चित्रित केलंय.) आणि धाकटी बहीण, तिलाही भाच्याने पाठवला होता, फोनवर म्हणाली, "अगं, त्या साहेबाची कीव येते."

मला नाही आली. सगळे त्या गिटारकडे बघतात, पण कॅमेरा पुन्हा पुन्हा समोरच्या खुर्च्यांकडे वळतो, तिकडे बघा ना! ती माणसं उठून जाऊ शकत नाहीत, कारण गाणारा साहेब आहे. ब्रेंटला ते ऐकणं म्हणजे आपली लोकप्रियता वाटते. त्यांच्यातला टिम शेवटी सगळ्यांदेखत नोकरी सोडतो म्हणतो. माझ्या मते भाग त्याचा आहे, ब्रेंटचा नाहीच.

हे इतक्या ठामपणे सांगतेय, कारण मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते आणि कविता करायचे. दर महिन्याच्या शिक्षक सभेचा शेवट माझ्या कवितेने व्हायचा. टाळ्या पडायच्या. वाटायचं, स्टाफला आवडतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, जुने सहकारी लग्नकार्यात भेटतात, प्रेमाने बोलतात. कविता ऐकवा असं एकानेही म्हटलेलं नाही.

एकदा गणित कसं शिकवावं ते दाखवायला बाहेरून एक तरुण मुलगी आली होती. तिला दोन तास दिले होते. मी प्रास्ताविकाला उभी राहिले, एक कविता म्हटली, मग आग्रहाखातर दुसरी. आग्रह कुणी केला होता, आठवत नाही. बहुधा मीच. तिच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास उरला. आमचे गणिताचे सर, फार चांगले शिक्षक, पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते.

भाच्याला हे सांगितलं, तर म्हणतो, "मावशी, तू कुठे आणि तो ब्रेंट कुठे!" पण त्या मुलीने अपूर्णांक शिकवायला पुठ्ठ्याच्या चकत्या कापून आणल्या होत्या, पिशवी भरून. ती पिशवी तिने उघडलीच नाही. तशीच उचलून एसटी स्टँडवर गेली.