आठाचे चार कसे झाले?

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लासूर स्टेशन लागते. तिथे केळी घेतलीत, तर एक हिशेब करून पाहा. चार-चार केळ्यांच्या किती फण्यांत पुरे डझन भरते? 3. तीन-तीनांच्या? 4. म्हणजे चाराचे तीन, तिनाचे पुन्हा चार. स्वारी घरी परतली! आठ-आठांच्याही 3 फण्या लागतात, दोन डझन भरतात. पण तिनाचे उलटे केले की हाती येतात 4. आठ वाटेतच हरवले.

12 ला नि:शेष भागणारे आकडे परततात, इतर नाही. या जोडीला बीजगणितात ‘लिंकेज’ म्हणतात. दोन पृष्ठांच्या छेदाचा एक तुकडा ठाऊक असला, तर उरलेल्याविषयी पुष्कळ सांगता येते. 1974 मध्ये पेस्किन आणि श्पिरो यांनी त्याला पक्का पाया दिला.

‘मोड्यूल’ म्हणजे बेरीज करता येईल आणि बीजराशींनी गुणता येईल अशा घटकांचा समुदाय. त्याचेही असेच दोनदा उलटे केले, तर तो परततो का? काही परततात, काही आठासारखे हरवतात. कोण परततो, याची नेमकी कसोटी 2004 साली मार्त्सिन्कोव्स्की आणि स्ट्रूकर यांनी दिली.